पन्हाळ्यातल्या आमच्या घरात विंडोज १० संपलं, त्यानंतरचे चार महिने

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्यानंतर आठवडाभरात दिवाळी होती, म्हणून मी पुण्याहून पन्हाळ्याला घरी गेलो. फराळाचं ताट हातात यायच्या आधीच पप्पांनी डेस्कटॉपकडे बोट दाखवलं. "हे बघ जरा, रोज काहीतरी मेसेज येतोय. कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतंय का?"

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न आलेला असणार. तुमचं स्वतःचं सगळं काम फोनवर चालतं, पण घरात एक जुना कॉम्प्युटर असतोच. त्यावर आईबाबा हिशोब लिहितात, धाकट्या भावंडांचे प्रोजेक्ट होतात, कधी प्रिंट काढली जाते. आणि त्याचं काही बिघडलं की "तुला कळतंय ना त्यातलं" म्हणून तो तुमच्याकडेच येतो. म्हणून आमच्या घरात आम्ही काय केलं, काय जमलं, काय फसलं आणि माझ्या हातून केवढी मोठी चूक झाली, हे सगळं सांगतो. सोबत या निर्णयामागचं गणितही बघू.

आधी हे समजून घ्या: नक्की काय संपलं?

विंडोज १० बंद पडलेलं नाही. कॉम्प्युटर पूर्वीसारखाच सुरू होतो, फाइल्स उघडतात, क्रोम चालतं. थांबल्यात त्या सिक्युरिटी अपडेट्स. कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दर महिन्याला नवी भोकं सापडत असतात आणि कंपनी अपडेट देऊन ती बुजवते. आता नवीन भोक सापडलं तर ते तसंच उघडं राहणार.

याचा धोका किती? मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा. मायक्रोसॉफ्टने त्या भोकाचा पॅच मार्चमध्येच दिला होता. तरी ज्यांनी तो टाकला नव्हता आणि जे विंडोज एक्सपीसारख्या सपोर्ट संपलेल्या सिस्टिमवर होते, ते सगळे उघडे होते. दोन महिन्यांनी जगभरातली हॉस्पिटलं आणि कारखाने अडकले. फाइल्स लॉक झाल्या आणि स्क्रीनवर खंडणीची मागणी आली. म्हणजे उद्या सकाळी काही होईल असं नाही, पण जितके दिवस जातील तितका धोका वाढत जाईल.

"मग विंडोज ११ टाका की!" इथेच खरी अडचण आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं. ही एक छोटी चिप किंवा प्रोसेसरमधलीच सोय असते, जी पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळते. शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. ढोबळ मानाने इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे, किंवा एएमडी रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेलं जवळपास प्रत्येक मशीन बाहेर. गंमत म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीच्या अनेक मशीनमध्ये टीपीएम २.० ची सोय होती, तरी बहुतेक प्रोसेसर यादीत नाहीत. जुगाड करून विंडोज ११ टाकता येतं, पण अशा मशीनला अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेट्ससाठी एवढा खटाटोप करायचा आणि अपडेट्सचीच हमी नाही, याला काय अर्थ?

कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज दिला होता की या बदलामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. त्यातले दोन आमच्या घरात होते.

आमच्या घरातले तीन कॉम्प्युटर

पहिला, २०१४ चा डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. सुरू व्हायला इतका वेळ घेतो की पप्पा बटण दाबून चहा घेऊन येतात. पर्यटकांसाठी आमच्या दोन खोल्या आहेत, त्यांचं बुकिंग आणि बिलं यावर होतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या यादीत बारा किल्ले घेतले, त्यात पन्हाळाही आला. त्यामुळे हे काम आता वाढेल अशी पप्पांना आशा आहे. आईच्या बचत गटाचा हिशोबही याच मशीनवर.

दुसरा, माझा कॉलेजचा लॅपटॉप. २०१६ चा, सहाव्या पिढीचा, ८ जीबी रॅम. मी नोकरीला लागल्यापासून कपाटात.

तिसरा, बहिणीचा लॅपटॉप. आठव्या पिढीचा, विंडोज ११ ला पात्र, पण तिने अजून विंडोज १० च ठेवलेलं. ती सिव्हिल इंजिनीअरिंगला आहे, त्यामुळे ऑटोकॅड लागतंच.

पप्पांचं म्हणणं सरळ होतं. "किल्ला एवढी शतकं उभा आहे आणि अकरा वर्षांत कॉम्प्युटर म्हातारा? चालतोय तर चालू दे की."

चार रस्ते आणि त्यांचं गणित

आमच्यासमोर चार पर्याय होते.

एक, काहीच न करणं. बहुतेक घरांत हेच होतं. पण ज्या मशीनवर पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे स्कॅन आणि बचत गटाचा हिशोब आहे, तिथे हे मला पटलं नाही.

दोन, एक वर्षाची मुदतवाढ. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट्स घ्यायची सोय दिली आहे. सेटिंग्जचा बॅकअप वनड्राइव्हवर चालू ठेवला तर फुकट, नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलर. तिन्हींसाठी मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं आणि विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, लागते. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तिथल्या लोकांना बॅकअपची अट न घालता ही सोय फुकट मिळाली. आपल्याकडे असा आवाज फारसा उठला नाही.

तीन, नवीन मशीन. पण वेळ वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी चिप्सना इतकी मागणी आली की २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. चिपवाल्यांना मोठं गिऱ्हाईक मिळालं की आपल्यासारख्या छोट्या गिऱ्हाइकाचं असं होतं. दोन मशीन बदलायची तर आमच्या दोन खोल्यांच्या सीझनच्या कमाईतला मोठा हिस्सा गेला असता.

चार, लिनक्स. फुकट, कायदेशीर आणि जुन्या मशीनवर चालणारं.

लिनक्स म्हणजे काहीतरी काळ्या स्क्रीनवरचं हॅकरांचं काम, असं वाटत असेल तर खिशातला फोन बाहेर काढा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये तो जाहीर केला, आणि आज तुम्ही रील बघता तेव्हा हातातला फोन आणि पलीकडचा सर्व्हर, दोन्हीकडे बहुतेक तोच चालू असतो. फक्त घरातल्या टेबलावर तो पोचला नव्हता. स्टॅटकाउंटरच्या आकड्यांनुसार जगभरातल्या डेस्कटॉपमध्ये लिनक्सचा वाटा ४ टक्क्यांवर गेला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे सुरुवातीपासून बत्तीस वर्षांनी.

आम्ही लिनक्स मिंट निवडलं. कारण साधं होतं. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. पप्पांना काही वेगळं वाटायला नको. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. म्हणजे २०१४ चा आमचा डेस्कटॉप पंधरा वर्षं चालू शकतो.

आधी पेन ड्राइव्हवर बघा

लिनक्सची ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे. ते टाकायच्या आधी वापरून बघता येतं. मिंटच्या साइटवरून साधारण ३ जीबीची आयएसओ फाइल डाउनलोड करायची, रुफस किंवा वेंटॉयने पेन ड्राइव्हवर चढवायची आणि कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत हार्ड डिस्कला हात लागत नाही.

आम्ही दोन दिवस असंच चालवलं. वायफाय लागलं, आवाज आला, व्हॉट्सअॅप वेब उघडलं, सातबाऱ्याची साइट उघडली, यूट्यूब चाललं. प्रिंटर मात्र रुसला. तो जुना लेझर प्रिंटर आहे आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा शोधून टाकावा लागला. माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली. मी शोधू शकलो, कारण माझं पोटच या कामावर आहे. पप्पांना एकट्याला ते जमलं नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे यावर बोलायचंय.

माझी चूक

आता तो भाग, जो लिहायला मला आवडत नाही.

डेस्कटॉपवर सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसायचे. मी सी ड्राइव्हमधले डॉक्युमेंट्स आणि फोटो एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले. डी मध्ये माझे कॉलेजच्या काळातले सिनेमे आहेत असं मी धरून चाललो. उघडून बघितलं नाही. इन्स्टॉलरने विचारलं, पूर्ण डिस्क पुसून मिंट टाकू का? मी हो म्हटलं.

सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क नसतात. बहुतेक घरांत ते एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. पूर्ण डिस्क पुसणं म्हणजे दोन्ही कप्पे जाणं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. मी रोज सर्व्हरवर याहून अवघड कामं करतो. पण घरचं काम म्हणून घाई केली.

संध्याकाळी आईने विचारलं, "गटाची फाइल कुठे आहे रे?"

बचत गटातल्या बायकांनी दर महिन्याला भरलेली रक्कम, कुणाला किती कर्ज दिलं, किती हप्ते आले, हे सगळं २०२१ पासून एका एक्सेल फाइलमध्ये होतं. डी ड्राइव्हमध्ये. आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझे पैसे असते तर चाललं असतं. हे बायकांचे आहेत."

त्या रात्री मी जे केलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो. पहिलं, कॉम्प्युटर लगेच बंद केला. फाइल पुसली जाते तेव्हा बऱ्याचदा फक्त तिचा पत्ता जातो. मजकूर डिस्कवरच असतो, त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून त्या डिस्कवर पुढे एक अक्षरही लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती हार्ड डिस्क काढून ठेवली आणि कोल्हापुरातून एक छोटी एसएसडी आणून मिंट तिच्यावर टाकलं. जुनी डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली आणि टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही दोन फुकट मिळणारी सॉफ्टवेअर चालवली. फोटोरेक फाइल्स शोधून देतं, पण त्यांची नावं गेलेली असतात. हजारो फाइल्समधून एक्सेलच्या तेवढ्या वेगळ्या काढून एकेक उघडल्या. फाइलची एक प्रत सापडली, पण ती जून २०२४ ची होती.

पुढच्या सोळा महिन्यांचं काय? तिथे फोन धावून आला. आई दर महिन्याच्या बैठकीनंतर वहीच्या पानाचा फोटो गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची. ते फोटो आणि वही समोर ठेवून आई, गटाच्या सचिव काकू आणि मी, तीन संध्याकाळी बसून सगळं पुन्हा भरलं. शेवटची बेरीज बँकेच्या पासबुकाशी जुळली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आमचं नशीब की ती जुनी हार्ड डिस्क होती. एसएसडीमध्ये पुसलेली जागा ट्रिम नावाच्या सोयीमुळे लवकरच खरोखर रिकामी केली जाते आणि मग फाइल परत मिळणं जवळपास अशक्य असतं. तेव्हा लिनक्स, विंडोज काहीही टाका, आधी बॅकअप घ्या. आणि बॅकअप घ्यायच्या आधी ज्यांचा कॉम्प्युटर आहे त्यांना शेजारी बसवून विचारा, "तुमचं काय काय, कुठे कुठे आहे?" या एका प्रश्नाने माझे चार दिवस वाचले असते.

मराठीचं काय?

अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. मिंटमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट आधीपासून आहे, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. आईने टायपिंग इन्स्क्रिप्टवरच शिकलेलं, त्यामुळे तिचं काम पहिल्याच दिवशी सुरू झालं. मेनू मराठीत करता येतात, पण भाषांतर अर्धवट आहे. एक बटण मराठीत, शेजारचं इंग्रजीत. शेवटी आम्ही मेनू इंग्रजीतच ठेवले.

लिनक्सवर मराठी नीट दिसतं, यात पुण्याचाही हात आहे. श्री-लिपी बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडचे लोहित फॉन्ट रेड हॅटने घेऊन सगळ्यांसाठी खुले केले आणि ते वर्षानुवर्षं लिनक्ससोबत येत राहिले. केंद्र सरकारच्या सीडॅकने तर २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली बॉस नावाची भारतीय लिनक्स सिस्टिमही आणली. तिच्यात भारतीय भाषांवर भर होता, पण ती घराघरांत काही पोचली नाही.

अडचण आली ती जुन्या फाइल्सची. पप्पांची २०१५-१६ मधली काही पत्रं युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो आणि खाली अगम्य इंग्रजी चिन्हं दिसतात. हा दोष लिनक्सचा नाही, नवीन विंडोजवरही हेच होईल. कन्व्हर्टरने युनिकोड करून घेतलं आणि प्रश्न मिटला. तुमच्या घरी अशा फाइल्स असतील तर आजच बदलून घ्या.

जे जमलं नाही

फुकट आहे म्हणून सगळं गोड लिहायचं नाही. या गोष्टी आडव्या येतात.

ऑटोकॅड आणि फोटोशॉप लिनक्सवर थेट चालत नाहीत. दुकानाचं अकाउंट टॅलीवर असेल किंवा फ्लेक्सचं डिझाइन कोरलड्रॉवर होत असेल, तर तेही विंडोजचंच. लिब्रेऑफिसमध्ये एक्सेलच्या साध्या फाइल्स छान उघडतात, पण मॅक्रो असलेली फाइल फसू शकते. माझा चुलतभाऊ सेवा केंद्र चालवतो. त्याच्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीचं आहे. त्याला मी स्पष्ट सांगितलं, तू यात पडू नकोस. गेमचं म्हणाल तर स्टीमवरचे भरपूर गेम आता चालतात, पण व्हॅलोरंट चालत नाही, कारण त्याची चीटिंग पकडणारी यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये बसते.

बहिणीच्या लॅपटॉपवर म्हणून आम्ही लिनक्स टाकलंच नाही. तिचं मशीन पात्र होतं, परीक्षा संपल्यावर विंडोज ११ वर गेलं. एकाच घरात सगळ्यांनी एकच वापरलं पाहिजे असा काही नियम नाही.

आणि एक गैरसमज. "लिनक्सला व्हायरस येत नाही." येतो, आणि गाफील राहिलात तर जास्तच नुकसान होतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या घटकात कुणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचं उघड झालं. तो घटक मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. चोरी पकडली आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरने, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधताना. तो मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतो! फुकट मिळणाऱ्या वस्तूमागेही कुणाची तरी मेहनत असते, आणि ती मेहनत थकली की धोका आपल्यापर्यंत येतो.

आमच्याच तालुक्यातला जुना धडा

पप्पांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला होता. "तू पुण्यात. हे बिघडलं तर इथं कुणाला बोलवायचं?"

हा प्रश्न आमच्या तालुक्याने आधी पाहिलेला आहे. पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरच्या आसपासच्या सत्तर गावांत १९९८ मध्ये वारणा वायर्ड व्हिलेज हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणा समूहाचा पैसा होता. गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रं झाली. शेतकऱ्याला उसाची नोंद, वजन, बिल यांची माहिती गावातच मिळावी, हा हेतू. देशभर त्याची चर्चा झाली.

पण कॉम्प्युटर जुने होत गेले, देखभालीचा खर्च अंगावर येऊ लागला, आणि त्यांचा वापर मुख्यतः उसाच्या नोंदींपुरता उरला. मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्याच बेंगळुरूच्या संशोधकांनी इथे येऊन प्रयोग केला. सात गावांत कॉम्प्युटरचं काम एसएमएसवर आणलं. आठ महिन्यांच्या चाचणीत कॉम्प्युटरची सगळी कामं फोनवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तेच आवडलं.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, कॉम्प्युटरची खरी किंमत तो घेताना मोजलेली नसते, नंतर त्याला सांभाळायला कोण आहे यात असते. दुसरी, जे काम फोनवर सोपं होतं ते लोक फोनवर नेतातच, आणि कॉम्प्युटरकडे उरतं ते मोठ्या स्क्रीनचं, लांबलचक हिशोबाचं काम. ते कमी असतं, पण महत्त्वाचं असतं.

लिनक्सने लायसन्सचा खर्च शून्य होतो, सांभाळण्याचा होत नाही. तो फक्त कंपनीकडून तुमच्याकडे येतो. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला विंडोज फॉरमॅट करता येतं, लिनक्स बहुतेकांना नको असतं. त्याचा दोष नाही. आपल्याकडे एमएस-सीआयटीपासून लाखो लोकांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो विंडोजवर. कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, हे समीकरण तिथेच पक्कं झालं.

केरळने वेगळं केलं. तिथल्या सरकारी शाळांत मुलं गेली अनेक वर्षं लिनक्सवरच शिकतात. काइट ही सरकारी संस्था उबंटूवर आधारलेली सिस्टिम स्वतः बनवते आणि शिक्षकांना शिकवतेही. म्हणजे तिथे "बिघडलं तर कुणाला बोलवायचं" याला उत्तर आहे. जर्मनीत म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, सुमारे १५ हजार कॉम्प्युटर बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. त्याच देशातलं श्लेसविग-होल्स्टाइन हे राज्य २०२४ पासून सुमारे ३० हजार सरकारी कॉम्प्युटर लिब्रेऑफिस आणि पुढे लिनक्सवर न्यायला निघालंय. सॉफ्टवेअर दोन्हीकडे साधारण तेच. फरक पडतो तो मागे माणसं किती उभी आहेत आणि किती वर्षं उभी राहतात, यावर.

चार महिन्यांनी

आज फेब्रुवारी आहे. डेस्कटॉप मिंटवर आहे आणि एसएसडीमुळे चहा व्हायच्या आत सुरू होतो. यातलं श्रेय एसएसडीला जास्त आहे, लिनक्सला कमी, हेही प्रामाणिकपणे सांगतो. कपाटातला माझा लॅपटॉप आईकडे गेला. ती बैठकीला तो घेऊन जाते.

पप्पांचे मला आतापर्यंत मदतीचे पाच फोन आले. दोन प्रिंटरसाठी, एक पासवर्ड विसरल्याचा, एक "खाली ढालीसारखं काय आलंय" म्हणून, ते अपडेटचं चिन्ह होतं. आणि एक, पाहुण्याने पाठवलेली वर्डची फाइल वेडीवाकडी दिसत होती. विंडोज असताना साधारण इतकेच यायचे.

"बिघडलं तर कोण" याला आम्ही आमच्यापुरतं उत्तर तयार केलंय. टाइमशिफ्टने दर आठवड्याला सिस्टिमची प्रत निघते, म्हणजे अपडेटने काही मोडलं तर मागे जाता येतं. पण टाइमशिफ्ट आपल्या फाइल्स सांभाळत नाही, ते सिस्टिमसाठी आहे. म्हणून गटाची फाइल दर बैठकीनंतर एका पेन ड्राइव्हवर आणि ड्राइव्हवर जाते. बहिणीला मी इन्स्टॉलेशन शिकवलं. आणि कॉम्प्युटरच्या बाजूला एक कागद चिकटवलाय. त्यावर पाच ओळी आहेत, मराठीत.

तुम्ही काय कराल?

घरातलं मशीन विंडोज ११ ला पात्र आहे का, ते मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकने बघा. असेल तर जास्त विचार न करता अपग्रेड करा.

नसेल, तर आजच मुदतवाढीत नाव नोंदवा. त्यामुळे ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ मिळेल आणि घाईत चूक होणार नाही.

मग घरी बसून यादी करा. कोण, कशासाठी, कुठलं सॉफ्टवेअर वापरतं? सगळं ब्राउझरमध्ये होत असेल तर लिनक्स जमेल. टॅली, ऑटोकॅड, अंगठ्याचं मशीन यादीत आलं तर थांबा.

पेन ड्राइव्हवर आठवडाभर चालवा, प्रिंटर पहिल्या दिवशीच तपासा. डिस्क बिटलॉकरने लॉक असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. बॅकअप दोन ठिकाणी घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

शेवटचं, स्वतःला एक प्रश्न विचारा. पुढची तीन वर्षं घरच्यांचा फोन उचलायला तुम्ही आहात का? नसाल तर पैसे साठवून नवीन मशीन घेणं हाही चुकीचा निर्णय नाही.

आणि हो, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. पिक्सेल ८ किंवा गॅलेक्सी एस२४ सारख्या महागड्या फोनना सात वर्षं अपडेट्स मिळतात, स्वस्त फोनना बरीच कमी. दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसली, तर पप्पांच्या डेस्कटॉपला जे झालं तेच तुमच्या खिशात आधीच होऊन गेलंय.